पंखा: आहे

बाई,

अथालच्या फाट्यावर आता चहाची एक लारी, म्हणजे हातगाडी, झाली आहे. तिच्या बाकड्यावर बसून हे लिहितोय. वही शेजारच्या टपरीतून घेतली, पेन लारीवाल्याचं आहे आणि मी ते खिशात तर घालत नाही ना, हे तो मधूनमधून बघून घेतो. तुमच्या वेळी इथं काही नव्हतं. एक ताडाचं झाड होतं आणि त्याच्या काठीएवढ्या सावलीत बसची वाट बघणारी माणसं, सावली सरकेल तशी सरकणारी. इथूनच डावीकडे कच्ची वाट जाते, नाला ओलांडला की तो पाडा. चाळीस मिनिटं लागतात. सकाळी तिथं जायलाच निघालो, आणि जाणारच आहे. फक्त तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय, ते सांगतो आणि उठतो.

झालं असं की परवा, शुक्रवारी, माझी दुसरी पाळी होती म्हणून दुपारपर्यंत खोलीवर लोळत होतो, तर एक मुलगा फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. गरिबांची नवी यादी करायची आहे म्हणे. महिन्याला किती मिळतात विचारलं, मी सांगितलं. मग त्यानं मान वर केली आणि मला न विचारता स्वतःच लिहिलं, पंखा आहे. मी म्हटलं, "आणखी काही विचारत नाहीस?" तो म्हणाला, "और क्या विचारू, काका?" मला काका म्हणाला, अजून तिशी नीट संपली नाही माझी. मी म्हटलं, "पाणी कोण आणतं, किती लांबून आणतं, असलं काही?" तो हसला. "त्याचं खानंच नाय ना," फॉर्मावरचे रकाने दाखवत म्हणाला. मी विचारलं, पंखा असला की अजून नाव कटतं का. "सीधा कट. पंखा, टीव्ही, काय पण असू दे." आणि जाता जाता सांगून गेला की सोमवारी त्यांची टोळी अथालकडे जाणार. आज रविवार आहे, बाई.

तुम्ही मला फॉर्म भरायला शिकवलंत तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. शाळेत तुम्ही मला सातवीपर्यंत ओढलंत, पुढची दोन वर्षं मी शाळेला नुसती हजेरी दिली आणि मग ट्रकवर क्लीनर म्हणून पळालो. सुरत, नाशिक, एकदा पार इंदूर. बाप धाग्याच्या कंपनीत, मसाटला. तो म्हणायचा, "याचे पाय जमिनीले टिकत नाहीत." परत आलो की दोन महिने कुठल्या तरी प्लास्टिकच्या कंपनीत डबे मोजायचे, तिसऱ्या महिन्यात खाडे, चौथ्यात नाव कमी. अशाच एका रिकाम्या महिन्यात तुम्ही बाजारात भेटलात. तुम्हाला गरिबांच्या यादीच्या पाहणीचं काम लावलं होतं, सगळ्याच मास्तरांना लावलं होतं, आणि हाताखाली पाच-सहा पोरं हवी होती. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मेल्या, तुला गुजराती येते, हिंदी येते, वारल्यांचं बोलणं कळतं. एवढं फिरून काहीतरी कामाला येऊ दे." मी लगेच हो म्हणालो. फिरायचे पैसे मिळतायत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिले पाच दिवस तुमच्याबरोबर हिंडलो. तुम्ही कोकणातल्या, उन्हाची सवय असून नसल्यासारखी, छत्री कपाळापर्यंत ओढलेली. फॉर्म दोन पानी होता. वर माणसांची नावं, मग उत्पन्न, मग घरात काय काय वस्तू आहेत ते. उत्पन्नाचा प्रश्न पाड्यावर विचारला की माणसं एकमेकांकडे बघून हसायची. "महिन्याला किती मिळतं?" "कंच्या महिन्याला?" तुम्हीही हसायच्यात आणि पेन्सिल खाली ठेवायच्यात. मग फॉर्म बाजूला राहायचा आणि तुमचं सुरू व्हायचं. पाणी कोण आणतं, किती खेपा होतात. आजारी माणूस उचलून कुठपर्यंत न्यावा लागतो, कोण उचलतं. कागद आला तर वाचायला कुणाकडे जाता. अंधार पडला की चिमणी किती वेळ जळते. आणि अगदी शेवटी, उठता उठता, "बियाणं कुठाय?" बियाणं जाग्यावर आहे असं बाईमाणसानं बोट दाखवून सांगितलं की तुम्ही मान डोलवायच्यात. एका घरी त्या बाईनं बोट दाखवलं नाही, नुसती चुलीकडे बघत राहिली, तेव्हा परतीच्या वाटेवर तुम्ही छत्री उघडायचीही विसरलात. हे सगळं तुम्ही समासात लिहायच्यात, बारीक अक्षरात, कधी कागद आडवा धरून. ऑफिसातला गुजराती कारकून डोकं धरायचा. "बेन, फॉर्ममां एनुं खानुं ज नथी." तुम्ही म्हणायच्यात, "खानं नाही म्हणून तर समासात लिहिलंय, भाई. तुम्ही वाचू नका, साहेबांना वाचू द्या."

आमच्या खोलीवरही आलात तुम्ही, चाळीत. बापानं उत्पन्न छाती फुगवून सांगितलं, ओव्हरटाइम धरून. खरंच बरं होतं. तुम्ही आईला विचारलंत, "दिवसातून बसता किती वेळ?" आईला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "बसाले टाइम कुठे ऱ्हातो, बाई?" आणि खोकली. तुम्ही लिहून घेतलंत. बापाला राग आला. "आम्ही गरीब नाहीत, बाई. तसं लिहू नका." "तसं नाही लिहिलं हो. बसत नाही, एवढंच लिहिलं," तुम्ही म्हणालात. तुम्ही गेल्यावर बाप कितीतरी वेळ पुटपुटत होता. आई मात्र त्या दिवशी भांडी तशीच टाकून उंबऱ्यात बसली होती, थोडा वेळ, कुणी बघतंय का ते बघत.

मी भरकटतो. शाळेत निबंधातही हेच व्हायचं. तुम्ही लाल पेननं लिहायच्यात, विषयाकडे परत ये.

तर तो पाडा. आपण दोघं गेलो होतो, पाचव्या दिवशी. कुडाचं घर, समोर आंबा, नवरा वापीला मजुरीला गेलेला. आत सासू तापानं पडली होती, म्हणून तुम्ही बाहेरच आंब्याखाली बसलात, घरच्या बाईशी आणि तिच्या मुलीशी बोलत, आणि मला म्हणालात, आत डोकावून वस्तू लिहून घे. अकरा वर्षांची असेल ती पोर. तुम्ही विचारलंत, पाण्याच्या किती खेपा. ती म्हणाली, "नव. सनवारी धा, सासूबाप येतो." आई हसली, "तिचा आजा येतो, तिचा सासूबाप कुठचा." आईचा शब्द तसाच उचललेला, पोर लाजली. पण खेपा तिनं बोटांवर न मोजता सांगितल्या होत्या. नाल्यापर्यंत पावलं किती तेही सांगितलं. तुम्ही तिची परीक्षाच घेऊ लागलात. मी आतून ऐकत होतो. नऊ खेपा, एका खेपेला दोन हंडे, घरात माणसं पाच, सांग बघू. ती सांगत होती आणि तुमचा आवाज बदलत होता, वर्गात एखाद्याचं गणित पहिल्या झटक्यात बरोबर आलं की बदलायचा तसा.

आत मी वर बघितलं तर आढ्याला पंखा. चांगला तीन पात्यांचा, छताचा. प्रत्येक पात्याला कापडात बांधलेल्या पुरचुंड्या लटकत होत्या, वालाचं बी, नागलीचं बी, काकडीचं. मी हसत बाहेर आलो. "तुमच्याकडं तं पंखा हाय." ती म्हणाली, "तो फिरं नाय, भाऊ. कंपनीनं दिला." तिचा नवरा मसाटला पंख्याच्या कंपनीत होता. सेल्स टॅक्सची सवलत संपली, मालकानं टाळं लावलं आणि शेवटच्या दोन पगारांच्या बदल्यात हे नापास पंखे वाटले. कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले. कागदात काय लिहिलंय हे वाचणारं कुणी नव्हतं. अंगठे देऊन झाल्यावर कुणीतरी सांगितलं की पगाराऐवजी पंखा घेतला, आता काही मागणं नाही, असं लिहिलंय. "पाड्यावर वीज नाय, इकाया गेला तं नापास म्हनून कोनी घेत नाय. मंग म्हटलं, उंदरांपासून बी तरी ऱ्हाईल." तिनं हे सगळं तक्रार म्हणून सांगितलं नाही, पंख्याचा उपयोग झाला या आनंदातच सांगितलं.

मग तुम्ही विचारलंत, यादीत नाव लागलं तर सिल्वासाच्या सरकारी हॉस्टेलात मुलीला फुकट जागा मिळते, पाठवाल का. ती म्हणाली, "पानी कोन आनंल मंग?" तुम्ही म्हणालात, ते बघू आपण. ती पोरीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "वाचाया शिकली तं कागद वाचंल. घेऊन जा." तिचा अंगठा मी घेतला. शाईच्या पॅडवर धरला आणि फॉर्मवर टेकवला तर रेघाच उठल्या नाहीत, नुसता काळा डाग, मधून एक आडवी कापल्याची खूण. कोयत्यानं झाली असेल. दोरानं आणि मातीनं घासून सगळ्या रेघा गेल्या होत्या.

शनिवारी तुम्ही शाळेच्या पायरीवर बसून आमचे फॉर्म तपासलेत. माझ्याकडे बघून म्हणालात, "त्या पाड्यावर वीज आहे?"

"नाही."

"मग पंखा कशावर फिरतो?"

"फिरत नाही ना."

"मग आहे असं कसं लिहिलंस?"

"आहे ना, बाई. टांगलाय."

तुम्ही आधी हसलात. बाकीची पोरंही हसली. मग तुम्ही फॉर्म माझ्यासमोर धरलात आणि हळू बोललात, ओरडल्या असतात तर बरं झालं असतं. "ही रेघ वाचून तिकडे साहेब नाव कापणार. त्या बाईला एकदा पंखा देऊन फसवलं, आता त्याच पंख्यावरून आपण फसवायचं? नुसतं खोडू नकोस. खोडलेल्या जागी घरच्याचा अंगठा लागतो, त्याशिवाय ते धरत नाहीत. जा, अंगठा घेऊन ये. सोमवारी दुपारी गठ्ठा जाईल." मी फॉर्म आणि शाईचं पॅड पिशवीत घातलं. जातो म्हणालो. आणि खरंच निघालो होतो, बाई. एवढं तरी खरं आहे.

नाक्यावर एक जुना ट्रकवाला भेटला. म्हणाला, दादऱ्याला तळ्याच्या बागेत शूटिंग आहे, गर्दीत उभं राहायला माणसं घेतायत, पुरीभाजी देतात, हिरॉइन जवळून दिसते. मी म्हटलं, अथालला उद्या जाऊ. रविवारी लाकडी पुलावरून सात वेळा पळालो, लाल शर्ट घालून, प्रत्येक वेळी कुणीतरी ओरडायचं, परत. हिरॉइन छत्रीखाली झोपली होती. संध्याकाळी परतताना पिशवीतला फॉर्म आठवला. त्याही वेळी अजून सोमवारची सकाळ होती. पहाटे उठून गेलो असतो तर दहापर्यंत परत आलो असतो. मी आठ वाजता उठलो. नंतर तो सिनेमा वापीत जाऊन दोनदा बघितला. पुलाचा तो भाग होता, पण त्या पुलावरून हिरो एकटाच पळतो.

सोमवारी, शाळेमागच्या नळापाशी उभं राहून, पंख्याची रेघ मी खोडली आणि शेजारी माझा अंगठा लावला. मग नळाखाली बोट घासलं, राहिलेली शाई पॅन्टला पुसली. आणि एवढ्यानं माझं भागलं नाही. खोटं जरा पक्कं व्हावं म्हणून बाजारातून पाव किलो वाल घेतले, जुन्या कापडाच्या तुकड्यात बांधले, त्या पंख्यावर बघितल्या होत्या तशीच पुरचुंडी केली, आणि तुमच्या हातात देऊन म्हणालो, "जाऊन आलो, बाई. तिनं तुम्हाला वाल पाठवलेत." तुम्हाला वाल किती आवडतात हे सगळ्या शाळेला माहीत होतं. तुम्ही पुरचुंडी हातात घेतलीत, तिचं वजन बघितलंत, आणि चेहरा इतका उजळला की मला वाटलं, चला, सगळ्यांचं चांगलं झालं. खोडलेल्या जागेखाली तुम्ही सही केलीत. अंगठ्याकडे नीट पाहिलंच नाहीत. माझ्या अंगठ्याच्या सगळ्या रेघा स्वच्छ उठल्या होत्या, एकूण एक.

गुरुवारी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. तुमची ती एक खोली, कोपऱ्यात स्टोव्ह, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. वाल भिजवून, बांधून, मोड आणून तयार होते. कोमट पाण्याची परात दोघांत ठेवून आपण वाल सोलत बसलो. माझे सारखे मोडत होते. "दाबू नकोस, नुसतं निसटू दे," तुम्ही म्हणालात. फळीवर मला उरलेल्या वालांची पुरचुंडी दिसली, परत तशीच बांधलेली. मी म्हटलं, सगळे नाही केले का? तुम्ही सोलता सोलता म्हणालात, "अर्धेच केले. बियाण्याचे वाल कोणी देतं का रे? मी खुळी, घेऊन बसले. त्या दिवशी आनंदात सुचलं नाही. पेरायला काय राहणार तिला? उद्या शाळा सुटली की देऊन येते परत. खाल्ले त्याचे दुसरे घालते त्यात." माझ्या हातातला वाल निसटून परातीत पडला. मी म्हणू शकलो असतो. तुम्ही होतात, मी होतो, तिसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "बाई, उन्हात कुठं जाता, मी देऊन येतो." तुम्ही म्हणालात, "तू एकदा गेलास ना." आणि मला बिरडं वाढलंत, वर खोबरं, बाजूला गरम भात. मी दोनदा मागून घेतलं. बाई, चव इतकी चांगली होती की मी घाबरलेला असूनसुद्धा दोनदा घेतलं. या गोष्टीची लाज मला अंगठ्यापेक्षा जास्त वाटते, का ते कळत नाही.

शुक्रवारी तुम्ही तिकडे गेलात. पुढचं मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत, ऑफिसातल्या त्या कारकुनानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तुम्ही गेल्यावर. शनिवारी ऑफिस उघडायच्या आधी तुम्ही दारात उभ्या होतात. नवा फॉर्म, त्यावर त्या बाईचा खरा अंगठा, रेघा नसलेला. साहेबानं जुना फॉर्म काढून दोन्ही अंगठे शेजारी धरले आणि विचारलं, हा आधीचा कुणाचा. तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून घोळ झाला." कारकून म्हणाला, "साहेबे चार वार पूछ्युं, कोनो अंगूठो? बेन एक ज वात बोले." चारही वेळा तुम्ही तेच सांगितलंत. साहेबानं खाडाखोडीचा म्हणून जुना फॉर्म रद्द केला, नवा मुदत उलटली म्हणून घेतला नाही, आणि तुमच्या नावानं मेमो काढला. यादीतलं नाव गेलं, पोरीचं हॉस्टेलही. जाताना तुम्ही पिशवीतून वालाची पुरचुंडी काढून कारकुनाच्या टेबलावर ठेवलीत. "तुम्ही घ्या, भाई. ज्या घरचे म्हणून आले त्या घरचे नाहीत हे." तो मला हसत सांगत होता, वाल चांगले होते म्हणाला. पुढल्या जूनमध्ये तुमची बदली पार खानवेलच्या पुढे झाली. मी त्याला विचारलं, मेमोमुळे का? तो म्हणाला, बदल्या काय, होतच असतात. त्याला खरंच माहीत नसेल. मला वाटतं, ते कधीच नक्की कळणार नाही, हेच माझ्या वाट्याला आलंय.

त्या शनिवारनंतर मी आठ दिवस तुमच्या गल्लीत फिरकलो नाही. मग सुरतला जायचं ठरलं तेव्हा भेटायला आलो, कारण न भेटता गेलो तर संशय येईल असं वाटलं. विचार करा, तेव्हाही मी संशयाचाच विचार करत होतो. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. माझ्या पायांकडे बघितलंत, मी अनवाणी होतो, चप्पल महिन्यापूर्वी तुटली होती आणि नवी घ्यायचे पैसे मी पिक्चरमध्ये उडवले होते. तुम्ही आतून एक पुडकं आणलंत. नवी चप्पल, टायरच्या तळाची, माझ्या मापाची. म्हणालात, "पायात काही नसलं की लांबची वाट टाळावीशी वाटते माणसाला. तुझ्या समासात मी तेवढंच लिहिलंय." मी खुशीत चप्पल घातली, खोलीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या. तुम्ही हसलात. मला तेव्हा काही कळलं नाही. ती चप्पल दोन वर्षं टिकली, सुरतेच्या गल्ल्यांत झिजली. तुम्ही गावी परतलात आणि तापात गेलात ही बातमी मला कळली तेव्हा ती पायातून गेलीही होती. कारकुनाचं ऐकल्यावर एके दिवशी मशीनवर उभ्या उभ्या मला ते वाक्य आठवलं आणि मशीन बंद करावं लागलं. तुम्ही माझ्यासाठी कारण शोधून काढलं होतंत. प्रत्येक घरात काय नाही ते तुम्ही शोधायच्यात, तसं माझ्यातही शोधलंत, आणि चप्पल नाही एवढं सापडलं म्हणून त्यावर भागवलंत. पण बाई, दादऱ्याला मी अनवाणीच गेलो होतो. पुलावरून सात वेळा अनवाणीच पळालो. पायांनी काही केलं नव्हतं.

पाड्यावरची ती पोर मला चार-पाच वर्षांपूर्वी मसाटला दिसली. एका कंपनीच्या गेटवर पॅकिंगच्या बायका टेम्पोत चढत होत्या, आणि मागे उभी राहून एक मोजत होती, "नव, धा, अकरा, बस आता, मागच्यांनी थांबा." हातात डबा, गळ्यात मंगळसूत्र. आवाजावरून वाटलं, मोजण्यावरून तर खात्रीच झाली. ड्रायव्हर म्हणाला, "चल ना, एक और." ती म्हणाली, "अकरा म्हंजी अकरा. बारावीला तू मांडीवर घेनार का?" सगळ्या हसल्या. कामाची बाई झाली होती, वाईट काही दिसत नव्हती. पगार घेत असेल, पगाराच्या कागदावर अंगठा देत असेल. तिला वाचता येतं का, हे मला विचारायचं होतं. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या पानाच्या टपरीवर गेलो आणि टेम्पो जाईपर्यंत पाठ करून उभा राहिलो.

आणि आता सोमवारी तो मुलगा त्या पाड्यावर जाणार. दारातून मान वर करणार. मी तिथं आधी जाऊन सांगायला हवं की पंखा असेल तर उतरवून ठेवा, किंवा मी दारात थांबतो आणि त्याला सांगतो काय झालं होतं. निदान तिला सांगायला हवं की तो दुसरा अंगठा माझा होता. शुक्रवारपासून हेच घोकतोय. म्हातारी झाली असेल ती. जिवंत असेल की नाही, घर आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही. पाड्यावर वीज आली असेल कदाचित, नाल्यापलीकडे खांब दिसतायत. तो पंखा फिरतोसुद्धा असेल, आणि फिरतो म्हणूनच नाव कटेल. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, फिरतो तर फिरतो, बिल कोण भरतं, पाणी कोण आणतं. हे प्रश्न आता मलाच विचारावे लागतील, आणि समासात लिहायला माझ्याकडे फॉर्मही नाही, ही वही आहे फक्त.

लारीवाला आता म्हणाला, "भाऊ, बाकडं पायजे, गिऱ्हाईक हाय. आनि पेन." मी म्हटलं, दोन मिनिटं. तो म्हणाला, "सकाळधरनं दोनच मिनिटं चालू हाय तुमचं." बरोबर आहे त्याचं. मी नऊला आलो, आता दीड वाजलाय. तिसऱ्या पानावर मला कळलं होतं की मी लिहीत बसलोय ते तिथं जायला लागू नये म्हणून, आणि ते कळूनही आठव्यापर्यंत आलो. पायात आज बूट आहेत, चांगले, कंपनीचे. ही पानं फाडून खिशात घालतो, पोस्टात टाकायला तुमचा आता पत्ता नाही. पेन परत देतोय.

जाऊन आलो, असं मात्र या वेळी लिहीत नाही.